आठवड्याला चार पीएसआय

कळव्याच्या पुलावरून उतरून विटाव्याकडे वळताना गाडीने शेपूट हलवलं. घसरली नाही, नुसती हलली, उथळ पाण्यात मासा हलतो तशी. नोव्हेंबरची सुरुवात, रस्ता कोरडा, मागे कोणी बसलेलं नाही. दिघ्याच्या पुढे पंपावर थांबलो. हवेवाल्या पोराने नळी लावली, मीटर बघितला आणि म्हणाला, "मागे वीसच आहे." चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे मागे एकट्याला २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवी, डबलसीटला ३२, पुढे २५. त्याने भरली, मी दहा रुपये दिले, रबाळ्याला वेळेत पोचलो आणि विसरलो.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवायला लागलं की दसऱ्याच्या आधी एकदा असंच झालं होतं, गणपतीतही झालं होतं. हळू जाणाऱ्या हवेची हीच खोड. सरळ पंक्चर झालं की गाडी जागेवर बसते, आपण शिव्या देत ढकलतो आणि तासाभरात विषय संपतो. ही मात्र रोज चिमूटभर फसवते. गाडी थोडी जड होते, पेट्रोल थोडं जास्त पिते, आणि आपल्याला वाटतं रस्ताच बिघडलाय. ठाण्यात राहणाऱ्याला तसं वाटायला फार कारणही लागत नाही.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशोब बघतो. यंत्रातलं मला शून्य कळतं. बाबा मात्र वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं फिटर होते. रात्री जेवताना त्यांना म्हटलं, "मागच्या चाकातून आठवड्याला सात-आठ पीएसआय जातायत."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "कोणत्या चौकीचे?"

बाबा हसले नाहीत. "मोजलंस कशावर?"

"पंपावर."

"एकाच पंपावर?"

"नाही, वाटेत लागेल त्या."

"आणि चाक तापलेलं असताना."

हा प्रश्न नव्हता. माझा पहिला हिशोब तिथेच कोसळला.

दुसऱ्या दिवशी हवा मोजायचं छोटं डिजिटल गेज मागवलं, अर्ध्या-अर्ध्या पीएसआयने दाखवणारं. एका पंपावर त्यांच्या मीटरने २८ भरून बाजूला उभं राहून माझं लावलं तर २५.५. दुसऱ्या पंपावरच्या २८ ला माझं गेज २९ म्हणालं. कोण खरं, देव जाणे. बाबांचं म्हणणं असं की त्याने काही बिघडत नाही. "एक गेज धर. ते एकाने खोटं असलं तरी चालेल, पण रोज तेच धर. आपल्याला किती आहे ते नकोय, किती गेली ते हवंय."

तापलेल्या चाकाचंही खरं निघालं. सकाळी घरून निघताना २८ होती, रबाळ्याला गाडी लावल्या लावल्या मोजली तर ३०.५. बारा किलोमीटरमध्ये अडीच वाढली. रबर लवतं, तापतं, आतली हवा तापते आणि दाब चढतो. स्टिकरवरचा आकडा थंड चाकाचा असतो, म्हणजे गाडी निदान दोन-तीन तास उभी असतानाचा. मी ऑफिसला जाताना दिघ्याला तापलेल्या चाकात मोजून २८ भरायचो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेही गळती नसताना २६ च भरणार. माझ्या सात-आठमधले दोन-तीन तर चाकातून गेलेच नव्हते. ते कधी आतच नव्हते.

मग वही सुरू झाली. वही म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. त्यात दुधाचा हिशोब असतो आणि तो बायकोचा प्रांत, त्यामुळे चौकटीच्या अगदी खालच्या कडेला पेन्सिलने "मा" आणि "पु" लिहायची परवानगी मिळाली. रोज सकाळी साडेसहाला, गाडी सुरू करण्याआधी. पुढचं चाकही मोजायचं, हा बाबांचा आग्रह. मला ते उगाच वाटत होतं. पुढच्या चाकाची काही तक्रारच नव्हती. बाबा म्हणाले, "म्हणूनच."

पहिल्या आठवड्यात मागचं २८ वरून २४ वर आलं. पुढचं २५ वरून २४.५ वर. गेज दाबताना दर वेळी फुस्स होऊन थोडी हवा जातेच, पण ती दोन्ही चाकांची जात होती, त्यामुळे संशय त्याच्यावर नव्हता. पुढचं चाक साक्षीदार म्हणून किती कामाचं आहे ते मला डिसेंबरात कळलं. एका सकाळी मागचं एकदम दीडने खाली दिसलं आणि मी हादरलो. पण त्याच सकाळी पुढचंही एकने उतरलं होतं. रात्री गारठा पडला होता, बस्स. पारा दहा अंश उतरला की २८ च्या टायरमधून हवेचा कणही बाहेर न जाता साधारण दीड पीएसआय कमी दिसतात. पुढचं मोजलं नसतं तर त्या दिवशी मी नक्की कुणाच्या तरी गॅरेजच्या दारात उभा असतो.

तर आकडा पक्का झाला: आठवड्याला चार. मग मी माझ्या पद्धतीने त्याचा खर्च मांडला. टायरच्या पोटात ढोबळमानाने आठ-नऊ लिटर जागा धरली, तर आठवड्याला चार म्हणजे दिवसाला जेमतेम तीन-चार कटिंगच्या ग्लासांएवढी हवा. मिनिटाला पाचेक थेंब. हे गणित मी गंमत म्हणून केलं होतं, पण पुढे त्याचाच उपयोग झाला. कारण आपण शोधताना फुगे शोधतो. डोळ्यांपुढे साबणाचे भलेमोठे फुगे असतात. प्रत्यक्षात मिनिटाला पाच थेंब हवा, तीही एका जागेतून न जाता लांबट फटीतून झिरपत असेल, तर तिथे फुगा येतच नाही. जरा वेळाने पांढरी साय धरल्यासारखी दिसते, इतकंच.

हे मला आधी कळलं असतं तर पुढचा खिळ्याचा तमाशा झाला नसता.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर घेतली. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. वॉचमनकाका खुर्ची घेऊन आले. चाक हाताने फिरवत टायरच्या खाचा बघायला लागलो, आणि अर्ध्या फेरीतच खिळा सापडला. रबरात रुतलेला, डोकं घासून चकचकीत झालेलं. आनंद इतका झाला की मी बाटली खाली ठेवली. खिळ्यावर साबण मारलाच नाही. कशाला मारायचा? चोर समोर बसलाय.

एका पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने पकडीने खिळा उपटला. मी कान टवकारले होते, पण फुस्स झालं नाही. तेव्हा ते मनात आलं आणि गेलं. मग त्याने टी आकाराच्या मुठीची ती खरखरीत सळई त्या भोकात घालून दाबली, पिळली, आणखी दाबली, आणि बाहेर काढल्यावर जोरात हवा सुटली. "बघा साहेब, पंक्चर!" मी मान डोलावली. त्याने सोल्यूशन लावलेली रबराची पट्टी सुईत ओवून आत ढकलली, शेपटं कापली, वर थुंकी लावून दाखवली. दीडशे रुपये. "आता वर्षभर बघायला नको."

पुढच्या रविवारी मागचं चाक: २४.

हिशोबाच्या कामात एक अनुभव नेहमी येतो. ताळेबंदात फरक असतो, शोधताना एक चूक सापडते, माणूस खूश होऊन ती दुरुस्त करतो. पण फरक होता तेवढाच राहतो. म्हणजे सापडलेली चूक चूकच नव्हती, किंवा ती वेगळीच होती. कागदावर असं झालं की मला लगेच संशय येतो. चाकाच्या बाबतीत मात्र मी दोन दिवस पट्टी नीट बसली नसेल, हवामान असेल, असली कारणं शोधत बसलो.

खिळा मी खिशात ठेवला होता, विजयचिन्ह म्हणून. बाबांनी तो करंगळीच्या नखावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि बघत राहिले. "हा केवढा आहे? नखाएवढा. सात-आठ मिलिमीटर. आणि रुतला कुठे होता, खाचेत की उंच भागात?"

"उंच भागात."

"मग तिथलं रबर, खालचं कापड, सगळं मिळून याच्यापेक्षा जाड असणार. हा आत पोचलाच नव्हता."

मला ती सळई आठवली. फुस्स झालं होतं ते सळईनंतर. जिथे पंक्चर नव्हतं तिथे मी दीडशे रुपये देऊन करून घेतलं होतं. त्या माणसाने फसवलं असंही मी म्हणणार नाही; रोज पन्नास खिळे काढणाऱ्याला एकावन्नावा वेगळा का वाटावा? पण खिळा उपटण्याआधी त्याच्याभोवती साबणाचं पाणी लावून दोन मिनिटं बघायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

यानंतर बाबा स्वतः खाली आले. पहिलं लक्ष्य व्हॉल्व्ह. टोपण काढलं, बोट जिभेला लावलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा पातळ पडदा धरला. आतली पिन गळत असेल तर तो पडदा फुगतो. नाही फुगला. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडून त्यांनी तो हळूच एका बाजूला वाकवला, मग दुसऱ्या. हे मला ठाऊक नव्हतं. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह रबरी असतो, जुना झाला की बुडाशी चिरतो. सरळ उभा असताना चीर मिटलेली असते, चाक पळायला लागलं की व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला खेचला जातो आणि ती उघडते. म्हणजे उभ्या गाडीला हवा टिकते आणि चालत्या गाडीची जाते. आमच्या व्हॉल्व्हला बारीक सुरकुत्या होत्या, पण फेस नव्हता.

तरी मी पिन बदलून आणली. वीस रुपयांची वस्तू. बाबांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते पुरावा नसताना सुटा भाग बदलणं म्हणजे ताप आला की सगळ्यांच्या गोळ्या एकदम घेणं. त्या आठवड्यात २८ चं २४ च झालं, त्यामुळे निदान पिन तरी निर्दोष सुटली.

या काळात सल्ले चिक्कार मिळाले. ऑफिसातला एकजण म्हणाला, आत जेल ओत, सगळं बंद होतं. होतंही बरेचदा, पण ते कुठून गळत होतं हे कायमचं झाकलं जातं, आणि नंतर टायर उघडणारा मेकॅनिक त्या चिकट रबडीकडे बघून आपला उद्धार करतो तो वेगळाच. दुसरा म्हणाला, ट्यूब टाक. ट्यूब टाकली की ट्यूबलेसचा मोठा फायदाच जातो. खिळा लागला की ट्यूब एकदम बसते, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर मागून कंटेनर येत असताना मला ते नको होतं. तिसऱ्याने नायट्रोजन सुचवला. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि फटीला त्यातलं काही कळत नाही.

राहिली रिमची कड. ट्यूबलेस टायरची कड, तिला बीड म्हणतात, रिमच्या काठावर नुसत्या दाबाने घट्ट बसलेली असते. मध्ये ना ट्यूब, ना चिकटवलेलं काही. दुसऱ्या रविवारी साबण लावला तो वेगळ्या पद्धतीने. पाणी हलवून फेसाळलं की खरा फेस कुठला आणि आपला कुठला ते कळत नाही, म्हणून बाटली बाजूला ठेवून जुन्या रंगाच्या ब्रशने अलगद लावलं. उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या बाजूला चेन, स्प्रॉकेट, तेलकट काळोख. मोबाइलचा दिवा धरूनही काही दिसेना. एका ठिकाणी साय धरल्यासारखं वाटलं, पण ते साचलेलं लिक्विडही असू शकलं असतं.

"बादलीत बुडव," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर सायकलची ट्यूब होती. इथे दोन फुटी चाक. माळ्यावरून मुलीचा आंघोळीचा जुना टब काढला, त्यात चाक मावणार नाही हे वरूनच दिसत होतं, तरी बाबांनी फूटपट्टीने मोजून खात्री केली.

शेवटी खोपटला एका जुन्या गॅरेजवाल्या मामांकडे गेलो. साताऱ्याकडचे आहेत, बोलणं कमी. त्यांच्याकडे आडवा कापलेला पत्र्याचा पिंप पाण्याने भरलेला असतो. सगळं सांगितलं: आठवड्याला चार, पिन बदलली, खिळा आत नव्हता. कालनिर्णयाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोही दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला आणि पहिल्यांदाच हसले. "दूध बी हाय यात."

ब्रेकचा दांडा सोडवला, मागच्या ॲक्सलचा नट काढला, चेन उतरवली, चाक बाहेर. मामांनी हवा ३५ पर्यंत वाढवली, दाब जास्त तर गळती जास्त, आणि चाक पिंपात उभं बुडवलं. लगेच सगळीकडून बुडबुडे. मी बोट दाखवणार इतक्यात ते म्हणाले, "थांबा. ही चिकटलेली हवा." टायरच्या नक्षीत, रिमच्या कोपऱ्यात अडकलेली बाहेरची हवा असते. ती त्यांनी हाताने पुसून काढली आणि पाणी शांत होऊ दिलं. मग एक मिनिट नुसतं बघायचं, पाव फेरी फिरवायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा एक मिनिट. माझी ती दीडशेची पट्टी पाण्याखालून गेली. एक बुडबुडा नाही. काम चोख केलेलं होतं, त्याची गरज नव्हती एवढंच.

तिसऱ्या पाव फेरीला, डाव्या बाजूला, रिमच्या काठालगत वीतभर लांबीत काहीतरी उमटायला लागलं. अनारशावरची खसखस असते ना, तेवढे दाणे. वर येत नव्हते, तिथेच चिकटून मोठे होत होते. बऱ्याच वेळाने एक सुटला, मग दुसरा. मी मनात मोजायला लागलो. मिनिटाला पाच थेंब! हिशोब जुळत होता. त्या पिंपापाशी मला झालेला आनंद मार्चएण्डलाही होत नाही.

टायर उतरवल्यावर कारण दिसलं. रिमचा काळा रंग तेवढ्या वीतभर भागात फुगून पापुद्रे सुटले होते आणि खाली पांढरी भुकटी जमली होती. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही, ते पांढरं फुलतं. भुकटीमुळे पृष्ठभाग खडबडीत होतो, रबर त्यावर सपाट बसत नाही, आणि हवेला वाट मिळते. मामांनी एक तिरकी चर दाखवली, पापुद्र्यांच्या बरोबर मधोमध. "लिव्हरचा वण." तीन वर्षांपूर्वी हा टायर एका रस्त्याकडेच्या दुकानात लोखंडी लिव्हरने चढवला होता. तेव्हा रंग खरवडला गेला. त्यात विटाव्याला रेल्वेपुलाखाली दर पावसाळ्यात पाणी साचतं, त्यातून मी गाडी काढतो, आणि खाडीकाठची दमट हवा तर बाराही महिने. ओरखडा तीन वर्षं आतल्या आत फुलत गेला.

कामाला तासभर लागला. पापुद्रे तारेच्या ब्रशने काढले, मग बारीक पॉलिश पेपर, शेवटी बोट फिरवून बघणं. बोट अडलं की पुन्हा पेपर. दोन्ही बाजूंचा पूर्ण काठ घासला, फक्त तो वीतभर नाही. टायरची कडही पुसली. तिलाही भुकटी चिकटलेली होती. व्हॉल्व्ह आता बदला म्हणून मीच सांगितलं, कारण टायर उतरलेलाच होता आणि सुरकुत्या पाहिलेल्या होत्या. काठाला काकवीसारखं काळं बीड सीलर लावलं. टायर चढवण्याआधी बाजूवरचा बाण चाकाच्या दिशेने आहे ना ते बघितलं, आणि लिव्हरखाली या वेळी प्लॅस्टिकचा तुकडा धरला. तो मी बघतोय म्हणून होता का, ठाऊक नाही.

पिन काढून मोठ्या दाबाने हवा आत सोडली. बीड जागेवर बसताना दोन दणके येतात, एकेका बाजूचा एक. पहिला आला, दुसऱ्याला जरा वेळ लागला. मग पिन घातली, पुन्हा पिंपात बुडवलं, तीच वीतभर जागा पाच मिनिटं पाण्याखाली. खसखस नाही. हवा २८ वर आणली, माझ्या गेजने. चारशे साठ रुपये झाले.

तीन आठवडे झाले. मागचं २८ वरून २७ वर आहे, पुढचं २५ वरून २४.५. बायकोने नव्या वर्षाचं कालनिर्णय लावताना विचारलं की तुझं ते "मा-पु" आता बंद ना. मी हो म्हटलं. पण बाबांना सवय लागलीय. मी उठायच्या आधी तेच खाली जाऊन मोजून येतात.

काल सकाळी चौकटीत पुढचं २३.५ दिसलं. मी ओरडलो, "बाबा, पुढचं गेलं!"

"मागचं बघ," ते चहा ओतत म्हणाले.

मागचं २६ होतं. मी खिडकी उघडली. बाहेर गारठा होता.